सांगायचा भाव

आमचे जुने घरमालक गद्रे साहेब गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने परवा केला. सिंधू, माझी बायको, दाण्याचा कूट करत होती. तिने खलबत्ता बाजूला ठेवला आणि पदराने डोळे पुसले. म्हणाली, "लय सरळ माणूस होता जी. भाव चढा सांगे, पण सगळ्यायले सारखाच सांगे." मी हो म्हणालो.

साहेबांच्या व्हरांड्यात छताला एक हूक होता आणि त्या हुकाला ताणकाटा टांगलेला असायचा. बाजारातून आलेली पिशवी आधी त्या काट्याला लागायची आणि मगच घरात जायची. साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे काटे तपासायचे, मापांवर शिक्का मारायचा, खोटं सापडलं की जप्ती करायची. तीस-पस्तीस वर्षं तेच केलं. सरकारने रिटायर केलं, पण त्यांनी स्वतःला केलं नाही.

एकदा कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून किलोभर टोमॅटो आणले. काट्यावर ऐंशी ग्रॅम जास्त भरले. साहेबांनी पुन्हा चपला घातल्या. मी फाटकाशी उभा होतो, म्हणून मलाही बरोबर घेतलं, साक्षीदार असावा तसं.

भाजीवाली म्हणाली, "काका, जास्तच गेलंय ना? राहू द्या की."

"जास्त गेलंय म्हणूनच आलो. कमी असतं तरीही आलो असतो. चूक ती चूक."

तिने एक टोमॅटो उचलून घेतला आणि साहेब वळल्यावर मला म्हणाली, "ह्यांना विकण्यापेक्षा फुकट दिलेलं परवडतं."

मी म्हणालो, "फुकट घेत असते तर अजून काय पाहिजे होतं?"

पेट्रोल पंपावर तर पोरं त्यांची स्कूटर लांबून बघूनच पाच लिटरचं माप बाहेर काढून ठेवायची. साहेब आधी ते माप भरून घ्यायचे, वाकून डोळा लावून रेघ बघायचे, आणि मग शंभर रुपयांचं पेट्रोल टाकायचे. मागे रांग लागायची, हॉर्न वाजायचे. साहेब मागे वळून म्हणायचे, "मी तुमच्यासाठीच बघतोय. आभार मानले नाहीत तरी चालेल."

वजनाला असा माणूस. पण भावाचं त्यांचं वेगळं होतं. ते म्हणायचे, "गजभिये, वजन एकच असतं. भाव दोन असतात, एक सांगायचा आणि एक घ्यायचा. मधलं अंतर दोघांनी चालून यायचं, त्याला व्यवहार म्हणतात." हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. मी त्यांच्या सांगायच्या भावाला हो म्हणून बसलो होतो.

मी रंगारी. भंडाऱ्याकडचा. चौथीत शाळा सुटली आणि विशीत पुण्याला आलो. येरवड्यात तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत आमचा संसार झाला. मुली तिथूनच लग्न होऊन गेल्या. मग सिंधूचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन हिच्या हृदयाला झेपणार नाही. तळमजल्यावर राहा, रोज थोडं चालू द्या. चालत राहिली तर राहील, बसली तर बसलीच.

आमच्या जिन्याला अडतीस पायऱ्या. सिंधू आठ महिने खाली उतरली नाही. खिडकीतून दोरीने पिशवी सोडायची, भाजी वर ओढायची. खालच्या बायकांशी खिडकीतूनच ओरडून बोलायची. एक दिवस मी कामावरून आलो तर ती मला म्हणाली, "तुमच्या चपलेले माती हाये. द्या इकडं, मी झाडतो." चप्पल हातात घेऊन ती किती तरी वेळ बसली होती. झाडली नाही.

येरवड्यात आमच्या बाजूला तळमजले सगळे दुकानांना जातात. म्हणून मी काम चालेल तिकडे खोल्या बघायला लागलो. पहिल्या ठिकाणी आडनाव विचारलं. सांगितलं. "अहो, कालच गेली हो खोली." दुसऱ्या ठिकाणी बाई म्हणाल्या, "आम्हाला आमच्यातलेच हवेत, गैरसमज करून घेऊ नका." गैरसमज कसला, चांगला समज झाला. तिसऱ्या ठिकाणी पाटीवर सात लिहिलं होतं, नाव सांगितल्यावर ते अकरा झालं. म्हणजे नाही म्हणायचं, पण तोंड खराब करायचं नाही. तिथून मी एक शिकलो. पुण्यात नकार आकड्यातही सांगतात.

कर्वेनगरात एका बंगल्याचं काम चालू होतं. तिथला मुकादम म्हणाला, शेजारच्या गल्लीत गद्रे म्हणून आहेत, एकटेच असतात, मागची खोली रिकामी आहे. आठ-नऊला देतील. नऊपर्यंत मला झेपत होतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत गेलो.

दार उघडलं ते एका उंच, वाळक्या माणसाने. बिनबाह्यांचा स्वेटर आणि कपाळावर चष्मा.

"कोण आपण?"

"मागची खोली बघायला आलोय."

"नाव?"

"सुदाम गजभिये."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या हातांकडे बघितलं. "रंगाचं काम करता?"

"हो."

"चला."

खोली चांगली होती. ओटा होता, संडास-मोरी स्वतःची, दार थेट अंगणात. पायरी एकच. मी ती पायरी पुन्हा पुन्हा बघत होतो. बाकी खोली कशीही असती तरी मला चालली असती. उत्तरेच्या भिंतीला ओल होती, आणि वरून नुकताच डिस्टेंपर मारलेला. रंगाऱ्यापासून ते लपत नाही. साहेब त्याच भिंतीजवळ जाऊन उभे राहिले, भिंतीवर बोट वाजवलं आणि म्हणाले, "ही उत्तरेची भिंत." मग गप्प. मीही गप्प.

"भाडं?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून स्वेटरला पुसला. "बारा हजार."

माझ्या डोक्यात एकदम ऊन तापल्यासारखं झालं. आठ-नऊची खोली, आणि नाव ऐकून बारा. माझ्या बापाने दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. बाप सांगायचा, "तुझा आजा दारोदार जाऊन उरलंसुरलं मागायचा. तू कोणाकडे काही मागायचं नाही. भावसुद्धा कमी करून मागायचा नाही. परवडलं तर घे, नाही तर उठ." मी जन्मात कधी घासाघीस केली नाही. दुकानदार म्हणेल तो भाव दिला, नाही तर वस्तूशिवाय राहिलो. त्या दिवशी उठायला पाहिजे होतं. पण समोर ती एक पायरी होती. आणि हा माणूस मला आकड्याने बाहेर काढतोय, तर आपण जायचं नाही, असंही वाटलं.

"ठीक आहे," मी म्हणालो.

"ठीक आहे म्हणजे?"

"ठीक म्हणजे ठीक. एक तारखेला येतो."

"अहो, पण काही बोलणं वगैरे?"

"बोलायचं काय त्यात? आपण सांगितलं, मी ऐकलं."

साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. म्हणाले, "आपण रंगारी आहात की संस्थानिक?"

मला वाटलं, टोमणा मारतात. म्हणालो, "भाडं वेळेवर येईल. बाकी चौकशी नको."

"चौकशी मी केलीच नाही," असं म्हणून ते आत गेले.

भाडेकराराच्या दिवशी एक मुलगी लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन व्हरांड्यात आली. माझा अंगठा काही केल्या उठेना. चाळीस-पंचेचाळीस वर्षं पॉलिशपेपर आणि चुना, रेघा राहिल्यात कुठे? मुलगी म्हणाली, काका, पुन्हा. पुन्हा. पुन्हा. साहेब आत जाऊन ओला टॉवेल घेऊन आले, माझा हात धरला आणि अंगठा स्वतः चोळून चोळून पुसला. मी हात काढून घेणार होतो, पण त्यांनी घट्ट धरला होता. सातव्या वेळी उठला. मग मुलीने विचारलं, "सर, भाड्याचा आकडा?"

साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "आकडा भरायचाय. कोणाला काही म्हणायचंय का?"

"भरा बारा," मी म्हणालो.

साहेब मुलीला म्हणाले, "भरा. महाराजांची आज्ञा आहे."

आम्ही राहायला आलो. पहिल्या दिवशी सिंधू अंगणात चप्पल काढून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत गेली. महिन्याभरात काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जायला लागली, भाजीवालीशी भांडायला लागली. मला ते बघून बारा हजार देताना काही वाटायचं नाही. म्हणजे वाटायचं, पण मी वाटू दिलं नाही.

साहेबांचं मात्र काही तरी बिनसलं होतं. पहिलं भाडं दिलं त्याच दिवशी म्हणाले, "त्या भिंतीला ओल आहे हे आपल्याला पहिल्या दिवशीच दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"भिंत आपली. आपल्याला माहीत असेलच."

"अहो, माणूस वांगी घेतानासुद्धा किडकं बाजूला काढतो! ओलीचे हजार कमी करा आणि मोकळे व्हा."

मी म्हणालो, "भाडं ठरलंय. ओल मी काढून देतो."

आणि काढली. भिंत विटेपर्यंत खरवडली, बाहेरून नळीचा जोड गळत होता तो बांधला, नवीन गिलावा केला, वाळू दिला, मग रंग. आठ दिवस माझे गेले. साहेबांनी मजुरीचं पाकीट करून आणलं. मी घेतलं नाही. त्यांनी ते आमच्या दाराच्या फटीतून आत सरकवलं. मी त्यांच्या दाराच्या फटीतून परत सरकवलं. असं पाकीट आठवडाभर अंगणातून इकडून तिकडे फिरत होतं. शेवटी सिंधू म्हणाली, "त्या पाकिटालेच भाड्यानं द्या ना ही खोली. लय राबून रायलं बिचारं."

अकरा महिन्यांनी करार नवा करायचा होता. मी म्हणालो, दहा टक्के वाढवतात, वाढवा. साहेब एकदम ओरडले. "वाढवणार नाही! घर माझं आहे! आपण कोण मला वाढवायला सांगणारे?" गल्लीतल्या लोकांना वाटलं भाडेकरू भाडं कमी करायला सांगतोय.

पण मी सुट्टीला घरी असलो की दुपारी चारला हाक यायचीच. "गजभिये, चहा." व्हरांड्यात दोन खुर्च्या आणि दोन कप. कप एकाच सेटमधले असायचे. मी ते बघितलं होतं. मला बघायची सवय आहे.

चहाला साहेब नोकरीतल्या गोष्टी सांगायचे. एक गोष्ट त्यांनी मला तीनदा सांगितली. एका गावच्या बाजारात एक म्हातारी मिरच्या विकायची. वजनाला लोखंडी माप नव्हतं, एक दगड होता, सासूपासून चालत आलेला. साहेबांनी तो जप्त केला आणि तोलून बघितला. दगड किलोपेक्षा साठ ग्रॅम जास्त भरला. म्हणजे ती बाई आयुष्यभर लोकांना जास्त देत आली होती. साहेबांनी तिला ते सांगितलं तर तिला आधी पटेना, आणि पटलं तेव्हा ती रडायला लागली.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"दंड केला. नियम होता."

"तिचंच नुकसान, आणि दंडही तिलाच?"

"नियमात कमी-जास्त असा फरक नाही." मग कप खाली ठेवून म्हणाले, "दंड माझ्या खिशातून भरला. पण पावती तिच्या नावाने फाडली. ते काही बरोबर नव्हतं."

मला आजही कळत नाही, त्यांना त्यातलं काय बरोबर वाटत नव्हतं. दंड, पैसे भरणं, की पावती.

इकडे माझं गणित बसत नव्हतं. वयाची सदुसष्ट झाली होती. घरातल्या घरात, हात पोचेल तेवढं काम करायचं असं मी ठरवलं होतं, आणि त्यात नऊ भागले असते. बारासाठी मी पुन्हा बाहेरच्या भिंती घ्यायला लागलो. उंचीच्या कामाला मजुरी जास्त मिळते. मुकादमाला वय साठ सांगायचो. सिंधूला सांगायचो, आतलंच काम आहे. ती संध्याकाळी माझ्या पायांकडे बघायची. शिडीवर दिवसभर उभं राहिलं की पोटऱ्या थरथरतात, ते बसल्यावरही थांबत नाही.

चौदाव्या महिन्यात पडलो. फार उंचावरून नाही, दहा-बारा फूट. फळीला बांधलेली सुतळी सुटली. उजव्या टाचेच्या हाडाचे तुकडे झाले. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि म्हणाले, तीन महिने पाय टेकायचा नाही, आणि शिडी आता विसरा.

पहिल्या आठवड्यात साहेब रोज येऊन दारात उभे राहायचे. आत यायचे नाहीत. एकदा म्हणाले, "गजभिये, आता तरी बोला." मी म्हणालो, "भाडं वेळेवर येईल." ते निघून गेले. एक तारखेला अजून नऊ दिवस होते, आणि घरात सात हजार होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिंधूने लुगडं नीट केलं, काठी घेतली आणि बाहेर गेली. मला वाटलं भाजीला चालली. खिडकी उघडी होती. व्हरांड्यातलं सगळं ऐकू येत होतं.

"सायेब, बसू का?"

"अहो, खुर्चीवर बसा ना."

"खुर्चीवर बसून भाव होत नाही जी. पायरी बरी."

"कसला भाव?"

"खोलीचा. मले सांगा, कायचे बारा हजार?"

मी अंथरुणात उठून बसलो. सिंधूला हाक मारणार होतो. पण तेवढ्यात साहेबांचा आवाज आला आणि मी थांबलो. एवढा हलका आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"का? काय कमी आहे खोलीत?"

"ऊन येते का?"

"सकाळी येतं."

"सकाळी तुमच्या कढीपत्त्यावर येते. मंग कढीपत्त्याकडून घ्या भाडं."

"पाणी चोवीस तास आहे."

"टाकीत पाल पडली होती."

"ती एकदाच!"

"पाल एकदाच पडली जी, पण पाणी आमी तीन दिस पेलो."

"बरं, साडेअकरा."

"सात."

"सात? अहो बाई, कर्वेनगरात सात हजारांत स्कूटर लावायला जागा मिळत नाही!"

"मंग लावा स्कूटर. तिले विचारा भिंतीची ओल काढून देते का."

साहेब अकरा म्हणाले, सिंधू साडेसात म्हणाली. मग मच्छर निघाले, मोरीचं दार निघालं, शेजारच्यांचा कुत्रा निघाला. साहेबांनी बसस्टॉप किती जवळ आहे ते सांगितलं. सिंधू म्हणाली, "माझ्या गुडघ्यायले इचारा किती जवळ हाये ते." मध्ये साहेब आत जाऊन चहा करून घेऊन आले. चहा होईपर्यंत भाव थांबला होता, मग पुन्हा सुरू झाला. तास गेला असेल. शेवटी साहेब म्हणाले, "नऊ. हा शेवटचा."

"शेवटचा म्हणजे सांगायचा का घ्यायचा?"

साहेब हसले. मोठ्याने. एवढ्या दिवसांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "आणि मागच्या महिन्यांचं काय करायचं? जास्तीचे गेलेत ते?"

सिंधू म्हणाली, "मागचं राहू द्या सायेब. ते त्यायनं जीव टाकून देल्लं हाये. ते परत केलं तं तो माणूस उठणार नाही."

मी भिंतीकडे तोंड करून पडलो. ती भिंत मीच केलेली. एक पोपडा नव्हता.

ती आत आल्यावर मी म्हणालो, "पसरलास हात?"

"हात नाही पसरला, तोंड उघडलं. तुमी उघडलं असतं तं टाच शाबूत राह्यली असती."

"तुला माहीत नाही त्याने बारा का सांगितले होते."

"माहीत हाये. थे पुण्याचे हायेत. सगळ्यायलेच चढा सांगते, समोरचा उतरवते. तुमालेच सांगितले असं काहून वाटते तुमाले?"

मला काय वाटलं होतं ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. पण पडल्या पडल्या तिन्ही महिने तोच विचार केला. कदाचित तिचंच खरं असेल. कदाचित मी एका साध्या माणसावर उगाच राग धरला, आणि त्या रागापायी तिच्या तोंडचा घास आणि माझा पाय घालवला. तोवरचे नऊ सिंधूने मुलींकडून आणून भागवले. चालायला लागलो तेव्हा मुकादमाकडची राहिलेली मजुरी हातात आली आणि एक तारखेला मी बारा घेऊन गेलो. साहेबांनी नऊ मोजून घेतले, तीन परत दिले आणि म्हणाले, "व्यवहार बाईंशी झालाय. मध्ये पडू नका." मी तीन खिशात ठेवले.

त्यानंतरची दोन-अडीच वर्षं बरी गेली. मी बसल्या जागी होतील अशी लहान कामं करायचो, खुर्च्या, टेबलं, दारांचं पॉलिश. साहेब शेजारी बसून रंगाच्या डब्यावरचं वजन आणि आतलं वजन जुळतं का ते बघायचे. मग त्यांना धाप लागायला लागली. मुलगा बाणेरला राहतो, लिफ्टच्या इमारतीत. त्याने ठरवलं, बंगला बिल्डरला द्यायचा आणि बाबांना घेऊन जायचं. मुलगा भला आहे. आम्हाला तीन महिन्यांची मुदत दिली. वारज्यात तळमजल्याची खोली मिळाली. बोलणी सिंधूने केली. मी रस्त्यावर उभा होतो.

साहेब आमच्या आधी निघाले. सकाळची वेळ होती, मुलगा गाडीत बॅगा ठेवत होता. साहेब व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते, मांडीवर औषधांची पिशवी. मी जवळ गेलो. आता नाही विचारलं तर राहून जाईल, असं वाटलं.

"साहेब, एक विचारू का?"

"विचारा. चार वर्षांत पहिल्यांदा विचारताय."

"पहिल्या दिवशी आपण बारा म्हणालात. सगळ्यांना बाराच सांगत होता का?"

ते हो म्हणू शकत होते. मी ऐकून घेतलं असतं. खरं सांगायचं तर हो ऐकायलाच गेलो होतो. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरला.

"नाही," ते म्हणाले. "मनात दहा होते. दहा सांगायचे आणि नऊला द्यायची. आदल्या दिवशी एक बँकेतले गृहस्थ आले होते, त्यांना दहाच सांगितले. मग आपण आलात. नाव सांगितलंत. आणि तोंडातून बारा गेलं."

मी त्यांच्या हातातल्या चष्म्याकडे बघत होतो.

"वाटलं, आपण जाल. आपण ठीक म्हणालात." त्यांना धाप लागली, थोडं थांबले. "त्याच संध्याकाळी येऊन सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. वाटलं, आपणच घासाघीस कराल, मी उतरवीन, आणि ते तसंच मिटून जाईल. आपण करेनात."

मुलगा फाटकातून म्हणाला, "बाबा, निघू या."

साहेब उठले. मी हात द्यायला पाहिजे होता, पण माझा हात पुढे गेला नाही. मुलाने येऊन त्यांना धरलं. गाडीत बसवलं, पट्टा लावला. तेवढ्यात सिंधू काठी टेकत मागून आली. गाडीशी वाकून म्हणाली, "सायेब, नव्या घरी बोलवा बरं आमाले! अन् तिथं कोनी भाडेकरू ठेवलाच तं चढाच सांगा. उतरवाले मी येतो."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. मग तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. मी तिला सांगणार आहे की नाही, एवढंच ते बघत होते. मी मान हलवली, नाही. ते तसेच बघत राहिले, गाडी हलेपर्यंत. सिंधूने हात केला. त्यांनी काच वर केली नाही, पण हातही वर केला नाही.